डाव्या हाताचे तळे

आमच्या शेजारचे मुंजाजीमामा रोज सकाळी एक घाट चढून साडेदहाला कचेरीत हजर होत असत. परभणीचा भूगोल ठाऊक असलेला वाचक येथेच थांबेल आणि विचारेल, घाट कुठला? प्रश्न रास्त आहे. आमचा भाग परातीत थापलेल्या भाकरीसारखा सपाट. चढ म्हणावा असा जवळपास एकच: पेडगावच्या वाटेवर कालव्यावरचा पूल. रस्ता तिथे अठरा फूट वर जातो, पाण्यावरून पलीकडे उतरतो आणि पुन्हा सपाट होतो. एरवी त्या चढाची दखल फक्त बैल घेत. मामांनी त्या अठरा फुटांतून महाराष्ट्रातले सगळे घाट काढले होते.

कृती अशी. सहा वाजता मामा पुलाच्या पायथ्याशी येत. सदऱ्याच्या डाव्या खिशात मोजून चिंचोके. एक चढ झाला की एक चिंचोका उजव्या खिशात जाई. माथ्यावर सायकल वळवायची, उतरायचे, पुन्हा चढायचे. घाट बाराशे फुटांचा असेल तर भागाकार सहासष्ट पूर्णांक दोन तृतीयांश येतो. मामा सदुसष्ट फेऱ्या मारत. "दोन तृतीयांश पूल चडून मानूस मदीच लोंबकळत ऱ्हाईल का?" असे त्यांचे म्हणणे. कॅरिअरवर ज्वारीचे पोते करकचून बांधलेले असे. म्हशी घेऊन जाणारे लोक ओरडून विचारत, "मामा, कुठवर आला?" आणि मामा घामाने निथळत अगदी प्रामाणिक उत्तर देत, "चाळीस झाले. निम्म्याच्या वर आलो. आता हितनं दरी दिसाया पाह्यजे."

गावाने त्यांचे नाव घाटमामा ठेवले होते. त्यांना ते माहीत होते आणि आवडतही होते.

मी त्या वेळी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. पदार्थविज्ञान घेऊन पुढे पुण्याला एम.एस्सी. करायचे, मग संशोधन, हे मी दहावीलाच ठरवले होते आणि घरच्यांना अकरावीत कळवले होते. वाटेत येणाऱ्या प्रत्येक गोष्टीचा हिशेब तपासून पाहायची मला खोड होती. एके सकाळी मी मामांना अंगणातच गाठले.

"मामा, तुमच्या पद्धतीत एक दोष आहे."

मामा थांबले. दोष हा शब्द ऐकून माणसे सहसा चिडतात. मामांनी खिशातून पेन्सिल काढली.

"खऱ्या घाटात माणूस सलग चढतो. तुम्ही अठरा फूट चढता आणि लगेच उतारावर विसावा घेता. सदुसष्ट चढ म्हणजे सदुसष्ट विसावे. घाट इतके विसावे देत नाही."

त्यांनी ते शब्दशः उतरवून घेतले. वर मथळा लिहिला: 'हरकत'. दुसऱ्या दिवसापासून मामा उतरतानाही ब्रेक दाबून धरून पायडल मारू लागले. पंधरवड्यात ब्रेकच्या रबरांचे दोन जोड झिजले. सायकल दुकानदाराने मला रस्त्यात अडवून अत्यंत आदराने विचारले, "ताई, आनिक काही दोष दिसायलाय का त्यांच्यात?"

तेव्हापासून मी त्यांची 'सायन्सबाई' झाले.

मामा पाटबंधाऱ्याच्या कचेरीत ट्रेसर होते. इंजिनिअर नकाशा काढतात. ट्रेसर त्यावर खळ दिलेले पारदर्शक कापड ताणून बसवतो आणि काळ्या शाईने रेघ न् रेघ गिरवून घेतो. धरणे, कालवे, डोंगरांच्या उंचीच्या रेषा, सगळे. मामांचे पहिले चार इयत्तांचे शिक्षण निजामाच्या राजवटीत उर्दूतून झालेले, पुढचे मराठीत. अक्षर मात्र दोन्हींत मोत्यासारखे. बावीस-तेवीस वर्षे ते दुसऱ्यांचे डोंगर गिरवत आले होते. उंचीच्या रेषा एकमेकींजवळ आल्या की त्यांचा श्वास जलद होई, हे मी स्वतः पाहिले आहे. "ही बग," ते नकाशावर बोट ठेवून म्हणत, "ही रेघ हिला चिकटायली. हितं मानूस सायकलवरून खाली उतरतंय. उतरलंच पाह्यजे. न्हाई उतरला तर तो मानूस न्हाई, इंजेन हाय."

कचेरीतले वाया गेलेले ट्रेसिंगचे कापड ते साहेबांच्या परवानगीने घरी आणत आणि त्यावर सायकलस्वारांसाठी मार्गपत्रके तयार करत. प्रत्येक पत्रक म्हणजे एक प्रवास: मैदानातून घाट, घाटातून तळे, तळ्याकाठी मुक्काम. डाव्या बाजूला चढाचे चित्र, उजवीकडे मजकूर. एक उतारा माझ्याजवळ आहे:

'येथून चढाई सुरू. सुरुवातीस मवाळ, नंतर हट्टी. दुसऱ्या वळणावर दम घ्यावा. दम लागला नसल्यासही घ्यावा. माथ्यावर हवा खुशनुमा (अंदाजे). पुढे डाव्या हातास तळे. तळे दिसताच सायकल उभी करावी. घाई असल्यास हा मार्ग घेऊ नये.'

तो 'अंदाजे' प्रामाणिक होता. मामांनी यातले एकही ठिकाण पाहिलेले नव्हते. जिल्ह्याबाहेर ते दोनदा गेले होते, दोन्ही वेळा लग्नाला, दोन्ही वेळा पूर्णा जंक्शनवर गाडी बदलून, सपाट प्रदेशातून सपाट प्रदेशात.

पत्रके ते मोकळ्या हाताने वाटत. बदली झालेल्या तलाठ्याला निरोपाच्या वेळी एक घाट मिळे. आमच्या गल्लीतल्या नवदांपत्याला त्यांनी हळदीच्या दिवशी पश्चिम घाटातली चार तळी भेट दिली होती. यांपैकी कोणीही कधी सायकलीने गेले नाही, सगळे एसटीने गेले; पण मामांची त्याला हरकत नसे. ते एवढेच बजावत, "डाव्या अंगाच्या खिडकीपाशी बसा. आन् वळणं मोजा. बोलत बसू नका."

या छंदाला घरातून जो विरोध होता, त्याचे नाव कौसामामी. मामी पालमच्या बाजूच्या, डोंगराच्या कडेला असलेल्या एका वस्तीवरच्या. उंच, सडपातळ, आवाजाने गल्लीभर पोचणाऱ्या. ट्रेसिंगच्या कापडाची खळ गरम पाण्यात धुऊन काढली की खाली अत्यंत तलम कापड उरते, हा शोध त्यांनी लग्नानंतर लवकरच लावला होता. एकदा मामा कचेरीतून आले तेव्हा महिनाभर खपून काढलेला एक घाट दोरीवर पांढराशुभ्र होऊन वाळत होता.

"कौसे! बाराशे फूट चडाई हुती त्याच्यावर!"

"आता कुंची हुईल त्याची. धाकल्या वन्सबाईच्या लेकराला. तुमची चडाई घालून फिरंल का ते?"

मामांनी पुढे त्या बाळाकडे नेहमीच विशेष आपुलकीने पाहिले.

मामांची माहिती मिळवण्याची पद्धत मात्र थट्टेचा विषय नव्हती. निदान मी ती तशी मानली नाही. नकाशावर रस्ता असतो, पण रस्त्यावरून काय दिसते हे नसते. त्यासाठी त्यांनी ऊसतोड्यांना धरले होते. आमच्या भागातली कितीतरी कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ट्रकमध्ये बसून पश्चिमेकडच्या कारखान्यांवर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. घाटांचा इतका अनुभव दुसऱ्या कोणाला असणार? ट्रक परतू लागले की मामा रविवारी पालमच्या स्टँडवर जाऊन बसत. उतरणाऱ्या माणसांना चहा पाजत आणि वही उघडत.

"घाटात डायवरनं गियर कितींदा पाडला?"

"पाडला आसंल चार-पाच बार."

"चार का पाच?"

"मामा, आमी काय गियरबॉक्समदी बसलो हुतो का?"

"बरं, लेकरं ओकली का?"

"ओकली की. दोन."

"कुठल्या वळणावर?"

हा प्रश्न ऐकून हसणाऱ्यांना माझे सांगणे आहे की मामांनी वांत्यांवरून वळणांची तीव्रता काढण्याचे एक कोष्टक बनवले होते आणि पुढे मी ते नकाशाशी ताडून पाहिले, तेव्हा ते चारांपैकी तीन घाटांना बरोबर लागू पडले. चौथ्या घाटात लेकरांनी आधी शिळी भजी खाल्ली होती. मामांनी तशी नोंदही केली होती.

शेवटी ते प्रत्येकाला एकच विचारत, "चडून गेल्यावर तळं लागलं का? डाव्या हाताला?"

बहुतेकांचे उत्तर असे, "आमी झोपेत असतो, मामा."

त्या वर्षीच्या हिवाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावरून पुन्हा बंद पुकारला गेला. एसटी थांबली, कॉलेजची दारे लागली. माझ्या पदवीच्या कागदावर विद्यापीठाचे कोणते नाव छापले जाणार हेच ठरले नव्हते, आणि घराघरांत त्यावरून कडू बोलणी चालू होती. मामांच्या ओसरीवरही दोघांची जुंपली, तेव्हा ते वहीतून डोके वर न काढता म्हणाले, "एवढं शिकून दावलं त्या मानसानं. नाव दिल्यानं तुमचं काय झिजायलंय?" ते दोघे उठून गेले. ओसरी रिकामी झाली, मला तीन दिवस काम नव्हते, आणि मामांच्या वह्या समोर होत्या. मी त्या पहिल्यापासून वाचायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आले की हे मार्ग म्हणजे नुसती हौस नाही. इतक्या वर्षांत मामांनी महाराष्ट्रातले सुंदर घाट निवडले नव्हते, तर एक विशिष्ट प्रकारचा घाट ते पुन्हा पुन्हा शोधत होते: आधी चढ, मग वळणे, मग डाव्या हाताला पाणी, पाण्यापलीकडे पांढरे देऊळ. जो घाट या वर्णनात बसत नसे त्यावर काट. कारण लिहिलेले नसे, फक्त काट. शिवाय कॅरिअरवरच्या पोत्याचे वजन वर्षागणिक थोडे थोडे वाढत गेले होते. बेचाळीस, चव्वेचाळीस, अठ्ठेचाळीस. तालीम म्हणून वजन वाढवायचे तर ते असे अडखळत वाढत नाही.

"मामा, हे वजन कशाचं?"

मामांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "तुज्या मामीचं."

दर दिवाळीत ते मामींना काही निमित्त काढून अडत दुकानात नेत आणि धान्याच्या काट्यावर उभे करत. मामींची समजूत अशी होती की हा माणूस आपल्याला एक दिवस तुरीच्या भावाने विकणार आहे.

मग मामांनी सांगितले ते असे. लग्नाला आठवडा झाला होता. नव्या नवरीला कॅरिअरवर बसवून ते पेडगावच्या शेताकडे निघाले होते. बोलायला काही सुचत नव्हते, दोघांनाही. मग मागून मामीच म्हणाल्या की लहानपणी आईबापाबरोबर ऊसतोडीला दोन हंगाम गेले होते. एकदा ट्रक घाटात होता, आणि डोंगराच्या कुशीत एवढे मोठे तळे दिसले, डाव्या हाताला. पलीकडे पांढरे देऊळ. बापाला म्हटले थांबवा, पण ट्रक थांबला नाही.

"म्या म्हनलं, दावतो तुला. सायकलवर नेतो. तिथं म्हनशील तेवडा येळ थांबू." मामा चिंचोक्यांशी चाळा करत होते. "म्हनून तर बसलो. पर तळ्याचं नाव न्हाई, गावाचं न्हाई, घाटाचं न्हाई. बावीस वरसं झाली. ती इसरली बी आसंल."

"मग त्यांनाच नीट विचारा ना! कारखाना कोणता, ट्रक कुठून निघाला..."

"इचारलं तर कळंल की तिला, म्या शोधायलोय ते." त्यांनी वही मिटली. "आन् न्हाई घावलं तर?"

हा युक्तिवाद शास्त्रीय नव्हता. ज्या एकमेव साक्षीदाराने घटना पाहिली, त्यालाच बावीस वर्षे न विचारता तपास करणे म्हणजे पद्धतीचा खूनच. मी तसे त्यांना सांगितले. त्यांनी 'हरकत' म्हणून लिहून घेतले आणि मला शपथ घातली.

शपथ मी पाळली. मामींना मी तळ्याविषयी एक शब्दही विचारला नाही. दुसऱ्या दिवशी त्या अंगणात सूप घेऊन तुरी पाखडत होत्या, तेव्हा जवळ बसले आणि म्हटले, "मामी, ऊसतोडीच्या ट्रकमध्ये इतकी माणसं मावतात तरी कशी? बसायचं कुठं?"

"कुठं म्हंजी? सामानावर. खाली भांडी, पाचटाच्या पेंड्या, कोंबड्या, वर मानसं."

"आणि तोंड पुढं करून?"

मामी हसल्या. "लय शिकलीस गं तू! कार्तिकाच्या थंडीत तोंडावर वारं घिऊन कोन बसंल माय? गडीमानसं बसतात कडंला. बाया-लेकरं समदी डायवरकडं पाठ करून. मागं रस्ता पळायलाय, त्याच्याकडं बगत बसायचं. गावाकडं तोंड ऱ्हातं, जीवाला बरं वाटतं."

सर्व नोंदी, सर्व नकाशे, सर्व ऊसतोड्यांच्या साक्षी 'डाव्या हाताला' या एका खुणेवर उभ्या होत्या, आणि ती खूण पाठमोऱ्या मुलीची होती. तिचा डावा हात म्हणजे ट्रकचा उजवा. निरीक्षक कोणत्या दिशेला तोंड करून बसला आहे हे आधी विचारावे, ही गोष्ट आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलेली असते. मामांना ती कोणी शिकवली नव्हती. आणि सायकलवरचा माणूस सदैव पुढेच पाहतो.

मी पळत ओसरीवर गेले. तिथेच पडलेली मामांच्या भाचीची पाटी घेतली, ट्रक काढला, मुलगी काढली, बाण काढले. मग वह्यांतले काट मारलेले घाट भराभर चाळले. बालाघाटच्या रांगेत, बीड जिल्ह्यात, एक घाट होता. चढून गेल्यावर उजव्या हाताला पाणी, पलीकडे देऊळ. पालमहून पश्चिमेकडे जाणारे ट्रक त्याच वाटेने जातात. उंची तर इतकी किरकोळ की पुलाच्या चाळीसही फेऱ्या भरत नव्हत्या. मामा सह्याद्रीत शोधत राहिले आणि तळे घरापासून तीन-चार मुक्कामांवर होते!

"हेच ते तळं, मामा! उजवीकडं आहे म्हणून तुम्ही काट मारली. तुमच्या सगळ्या अटी पूर्ण होतात. शंकाच नाही!"

माझा आवाज त्या क्षणी गल्लीतल्या कोणत्याही बाईपेक्षा कमी नसावा. मामा पाटीकडे पाहत राहिले. काही सांगायला तोंड उघडले. त्यांना गहिवरून आले आहे असा मी अर्थ घेतला, आणि मला स्वतःविषयी फार बरे वाटले.

एवढ्यात दारात सूप घेऊन मामी उभ्या असल्याचे दिसले. पाटीवरचा ट्रक, पाठमोरी मुलगी आणि बाण त्यांनी नीट पाहून घेतले.

"ते तळं?" त्या म्हणाल्या. "ते व्हय? त्याच्यापायी पुलावर लोळत असता का रोज?"

मामांनी मान हलवली. हो की नाही ते कळले नाही.

मामींनी सूप खाली ठेवले. "मंग कवा निघायचं?"

त्या एका वाक्याने घर उलटेपालटे झाले. मामांनी रजा टाकली. कॅरिअरवर गोधडीची चौपदरी घडी बांधली गेली. मामींच्या अटी दोनच होत्या: गावातून सायकलवर बसून जाणार नाही, वेशीपर्यंत चालेन, आणि वाटेत कोणी विचारले तर दवाखान्याला चाललोय असे सांगायचे. दुसरी अट गल्लीच्या तोंडावरच मोडली, कारण म्हशीवाल्याने विचारताच मामा म्हणाले, "घाटाला. खऱ्या."

ती दोघे नवव्या दिवशी परतली. उन्हाने रापलेली, धुळीने माखलेली. मामींनी पुढचा आठवडा गल्लीत तो प्रवास सांगितला. कोणत्या गावच्या शाळेत मुक्काम केला, कुठे पाटलाच्या बायकोने उतरवून घेतले आणि हुरडा खाऊ घातला, घाटात काय झाले.

"ह्येंची छाती भात्यावानी व्हायली. म्या टुनकन उतरले आन् मागनं ढकलाया लागले, तर माझ्यावरच वराडायले, 'बस! बस! बसल्याबिगर मजा न्हाई!'"

मामांनी खाली मान घालून कबूल केले, "पोतं कवाच असं मदी उतरलं न्हवतं. सवय न्हवती."

आणि तळे? "हेच तळं," मामी सांगत. "आमच्या ह्येनी हुडकून काडलं. सायन्सच्या पोरीनं पाटीवर दावलं आन् ह्येनी नेलं." त्यांनी माझ्या नावाचा उल्लेख केला की मी नम्रतेने खाली पाहत असे. नम्रता मला तेव्हा नवीनच होती.

परीक्षा तोंडावर आल्या. पुण्याचा अर्ज भरून झाला होता. एका संध्याकाळी मी मामांकडे गेले, घाटांची मुख्य वही उघडली, त्या घाटापुढची काट खोडरबराने घासू लागले, आणि शेजारी 'सिद्ध' लिहायला पेन उचलला.

"शाईनं नगं लिहू," मामा म्हणाले.

"का?"

मामांनी माझ्या हातून पेन घेतला. टोपण लावले. आत मामी चुलीपाशी होत्या; भाकरी थापटण्याचा आवाज येत होता.

"बाई, डोंगर असतो. तळं नसतं. आपल्या मुलकात तळं करावं लागतं." ते हळू, एकेक शब्द सुटा करून बोलत होते. "दोन डोंगरांच्या मदी मातीची भित घालायची, शेवटाला घळ भरायची, मंग पानी अडतं. त्या तळ्याची घळभरणी आमच्या लग्नानंतर दोन वरसांनी झाली. त्याचा नकाशा म्या गिरवलाय. नवा नवा लागलो हुतो कामाला. तुजी मामी टरकात बसून गेली तवा तितं ज्वारीचं रान हुतं."

मी पाटबंधाऱ्याच्या माणसासमोर डोंगर आणि पाणी एकाच वयाचे धरले होते. बाण बरोबर होते, ट्रक बरोबर होता, मुलीचा डावा-उजवा हात बरोबर होता. तळे जन्मलेले नव्हते. काट त्यासाठी होती.

"मग तुम्ही त्याच वेळी का नाही सांगितलं? मी पाटी घेऊन नाचत होते!"

"सांगनारच हुतो." मामांनी पेन खिशाला लावला. "तोंड उगडलं बी हुतं. तवर ती दारात आली आन् म्हनली, कवा निघायचं. बावीस वरसांत माज्या नकाशाला बगून तिनं कुंच्याच शिवल्या. कवा निघायचं, असं पयल्यांदा म्हनली. आता तिला काय सांगू, धरण मागून झालं म्हनून?"

माझ्या शिक्षणात यावर हरकत घेण्याची तरतूद नव्हती.

मग मी विचारले, "आणि मामींना? त्यांना तिथं गेल्यावर कळलं असेल?"

"लय येळ बसली काठाला. पाय पान्यात सोडून. म्या लांबच थांबलो. देवळाकडं बगितलं, डोंगराकडं बगितलं, मागं वळून रस्त्याकडं बगितलं. मंग म्हनली, हेच." मामांनी वहीवरचा खोडरबराचा भुगा झटकला. "माज्याकडं न बगता म्हनली."

बाहेर दिवेलागण झाली होती. मामांनी वही आपल्याकडे ओढली आणि एकदम कामाच्या आवाजात म्हणाले, "पर तुजं उलटं-सुलटं खरं हाय. म्या डाव्या अंगानंच बगत बसलो. आता उजव्या अंगाची, लग्नाच्या आदीची, असं धरलं तर तीन तळी नवी निगायलीत. एक तर लय जुनं हाय, गोऱ्यांच्या वक्ताचं."

भाकरी थापटण्याचा आवाज थांबला. आतून मामींचा आवाज आला, नेहमीपेक्षा बराच खालच्या पट्टीतला.

"अवो, ती पोरगी पुण्याला जायच्या आदी तिला इचारून ठिवा. आनिक एकादं तळं हाय का म्हनावं तुमच्या वहीत?"

मामांनी माझ्याकडे पाहिले. मी पाटी पुसली.